लेइझरने सही केली नाही

“जे झारला जमलं नाही, ते कंपनीच्या बापाला जमणार नाही,” असं लेइझरने जाहीर केलं आणि त्याच क्षणी गाईने लाथ घालून त्याला शेणात बसवलं.

“झारने निदान लेंगा तरी कोरडा ठेवला होता,” बादली उचलत त्याची बायको ब्रायना म्हणाली.

झारच्या रशियात, ओडेसाला, लेइझर टोप्या शिवायचा. अर्जेंटिनाच्या या माळावर येऊन सहा वर्षं झाली, तरी दूध कोणत्या बाजूला बसून काढायचं याबद्दल त्याचं आणि गाईचं एकमत नव्हतं. पण वस्तीचा म्होरक्या तोच, कारण आवाज त्याचाच मोठा.

जमीन देणाऱ्या कंपनीचा हुकूम आला होता : एका ओळीतली ही घरं मोडा, ज्याने त्याने आपल्या शेतात बांधा. शेतं दोन-दोन कोसांवर. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याला, गाडी जुंपायची नाही, लांब चालायचं नाही. मग प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमायचे कसे?

संध्याकाळी कंपनीचा साहेब घोड्यावरून आला. तोही ज्यूच, पण पॅरिसचा. पुरुषमंडळी प्रार्थनाघरासमोर उभीच होती.

“घरी एकेकट्याने प्रार्थना करा. देवाला ऐकू येतं,” साहेब म्हणाला.

“येतं की. पण दहाची अट त्याचीच आहे. तुम्ही त्यालाच लिहून विचारा,” लेइझर म्हणाला.

साहेबाने चाबकाच्या टोकाने माणसं मोजली.

“मोजतोय काय मेला, गुरं आहोत का आम्ही?” मागून कोणीतरी पुटपुटलं.

“नऊच तर आहात. एकत्र राहून काय मिळवलंत?”

दहावा लेइझरचा बाप होता. त्याला मातीआड करून आज आठवा दिवस. सुतकाचे सात दिवस शेजारच्या वस्तीतला एक जण यायचा. आजपासून त्याची नांगरट सुरू झाली होती. आणि दहा जण नसले, तर मुलाला बापासाठी कडिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही.

लेइझरने सहीसाठी आलेल्या हुकमाच्या कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो साहेबाच्या खोगिरात खोचला. “सही नाही. छपरं उतरवायचीच, तर आम्ही आत असताना उतरवा.”

“गुरुवारी माणसं घेऊन येतो.”

“या. आम्ही कुठे जातोय.”

साहेबाने घोडा वळवला. ऊन गवताच्या शेंड्यांवर आलं होतं. लेइझरने पुढे होऊन लगाम धरला. मघाचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“साहेब, जरा खाली उतरता का? दहाच मिनिटं लागतील.”