धानासारखी रोवलेली शेवंती

मी शेवंती बोलतेय. पिवळी, बारीक फुलांची. हारात दिसते ती माझी थोराड बहीण. माझं गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. घर सोडताना धुरपताबाईने मला मातीसकट घमेल्यात घेतलं आणि ट्रॅक्टरमध्ये मांडीवर धरून या पुनर्वसनाच्या गावात आणलं. तिच्या जुन्या अंगणातलं जिवंत असं आता मी एकटीच.

इथे मला न्हाणीमागे जागा मिळाली. पुढे शेजाऱ्यांनी माडी चढवली आणि माझं ऊन गेलं. गेल्या मार्गशीर्षात मी जेमतेम चार फुलं दिली. बाईने गुरुवारच्या पूजेला विकतची आणली. मला ते लागलं.

तिची मुलगी कामिनी रोज जाऊन-येऊन भंडाऱ्याला बीएस्सी करते. तिने फाटकाजवळची उन्हाची जागा हेरली. रविवारी हलवू म्हणाली. पण बाई थांबते कुठली! शुक्रवारी पाऊस उघडताच तिने मला उपटलं, सात फुटवे सुटे केले, मुळं बादलीत खळखळून धुतली. फाटकाजवळ मातीचा बांध घालून आत चिखल केला आणि अंगठ्याने एकेक फुटवा रोवला. वर घोटाभर पाणी. अगदी धानाच्या बांधीसारखं.

संध्याकाळी कामिनी आली ती पाठीवरची बॅग न उतरवता तिथेच उभी राहिली.

"माय, धान होय का वं हे?"

"तीस वर्सं रोवणी करून राहिली मी. मले शिकवू नोको."

"शेवंती सडते पाण्यात. बुडत्या गावातून आणली तू इले, आन् इथं बुडवून राहिली."

बाई उठली, फावडं आणलं आणि स्वतःच बांध फोडला.

तरी चिखल निथळला नाही आणि आठवड्यात पाच फुटवे सडले. उरलेले दोन कामिनीने उंच वाफ्यावर, वाळू आणि शेणखतात लावले. मग तिची घाई सुरू झाली. रोज सकाळी ती बोटाने माती उकरून मूळ धरलं का ते पाही, आणि माझी केसासारखी नवी मुळं तुटत. पुस्तकात हे नसावं. चौथ्या दिवशी बाईने तिचं मनगट धरलं.

"रोवल्यावर हात लावाचा नसते. पान ताठ झालं का समजते."

"कधी होईल?"

"ते तिले माहीत."

कामिनीने रागाने हात सोडवून घेतला, पण परत उकरलं नाही.

आज दुपारच्या उन्हात माझं एक पान मान न टाकता उभं राहिलं. दोघींनी पायरीवरून ते पाहिलं. फुलांचं वचन मी देत नाही. बघत बसा, हरकत नाही. फक्त अजून काही दिवस मला हलवू नका.