झिजलेला ठिपका

मी एक जुना नकाशा आहे. एका जिल्ह्याचा. भिंतीवर टांगायचा, मागे कापड चिकटवलेला, वर आणि खाली लाकडी दांडी असलेला. माझ्या कडा आता फाटून दातेरी झाल्या आहेत. निळी नदी करडी पडली आहे. मधल्या घडीवरची चीर इतक्या वेळा डिंकाने चिकटवली आहे, की परक्या माणसाला तिथे डोंगरच आहे असं वाटावं. मित्रांनो, तिथे डोंगर नाही. डोंगर वर डाव्या कोपऱ्यात आहेत. माझा स्वभाव जरा काटेकोर आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका छापखान्याच्या माडीवर झाला. तिथे खिडकीशी तिरक्या टेबलावर एक नकाशेवाले काका वाकून बसत. त्यांनी सगळा जिल्हा पायाखाली घातला होता आणि आता तो कागदावर उतरवत होते. रेघा त्यांच्या आणि रंग काकूंचे. डोंगराला तपकिरी, रानाला हिरवा. पूर्वेच्या कोरड्या भागाला नुसता पिवळा रंग द्यायचं मात्र काकूंच्या अगदी जिवावर यायचं.

“अहो, एवढ्या मोठ्या भागात एखादं झाड तरी काढा की!”

“तिथे नाहीच, तर कुठून काढू? तू लावून ये, मग काढतो.”

असे त्यांचे खटके दिवसभर उडायचे आणि त्यातच मी पूर्ण झालो. माझ्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट होती. कुठल्या तालुक्यात किती माणसं राहतात, ते तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं. त्या चौकटीला मी नाक मुरडायचो. आकडे काय, कुणीही लिहील. डोंगर काढून दाखवा म्हणावं!

माझे भाऊबंद जिल्हाभरच्या शाळांत वाटले गेले. मी आलो डाव्या कोपऱ्यातल्या, डोंगराच्या अगदी पायथ्याच्या एका गावात. माझ्यावर त्या गावाचा ठिपका मोहरीएवढा होता. गाव दगडाच्या खाणीवर जगायचं. सकाळ झाली की छिन्नी-हातोड्यांचा आवाज थेट वर्गापर्यंत यायचा. जिल्ह्यातल्या कितीतरी पायऱ्या, उंबरे आणि पुलांचे खांब या गावच्या दगडाचे होते, पण हे गावकऱ्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मला भिंतीवर टांगलं ते भूगोलसरांनी. त्यांना हे नाव मुलांनी ठेवलं होतं. खरं तर ते इतिहासही शिकवायचे, पण त्यांचा इतिहाससुद्धा भूगोलातूनच निघायचा. हातातली पट्टी माझ्या नदीच्या वळणावर टेकवून ते म्हणायचे, “इथे एका राजाची राजधानी होती. मोठमोठे घाट होते. मग नदीने कूस बदलली. घाट कोरडे पडले, व्यापारी गेले, मागोमाग सोनार-शिंपी गेले. आता तिथे लोक ज्वारी पेरतात. त्या राजाला कुठल्या शत्रूने हरवलं नाही बरं का. पाणी रुसलं, आणि त्याची प्रजाच निघून गेली.” मग पट्टी ठिपक्यांवरून फिरायची. “दाट वस्ती कुठे? नदीकाठी. विरळ कुठे? या पिवळ्यात. माणूस पाण्यामागे जातो, आणि पाण्यानंतर कामामागे जातो.” मुलं माना डोलवायची. आपल्याबद्दलच बोलणं चाललंय, हे त्यांच्या गावीही नसायचं.

सरांची एक पद्धत होती. नवीन मूल वर्गात आलं की ते त्याला माझ्यापाशी आणायचे, उचलून घ्यायचे आणि गावाच्या ठिपक्यावर त्याचं बोट ठेवायचे. “हा बघ, हा तू!” शाळा सोडून जाणारी मुलंही जाता जाता तिथे बोट टेकवून जायची. पोरांना न्यायला आलेल्या आया कुणी बघत नाही असं पाहून हळूच हात लावायच्या. इतक्या बोटांनी ठिपका आधी मळला, मग पुसट झाला. शेजारचं नावही गेलं आणि शेवटी आतलं पांढरं कापड दिसू लागलं. सर दर उन्हाळ्यात शाईने ठिपका पुन्हा काढायचे, नाव घालायचे. पाऊस सरेपर्यंत पोरांनी तो पुन्हा पुसलेला असायचा.

एकदा तपासणीला साहेब आले. “हे काय, इथे उंदराने कुरतडलं का?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब, लाड झालेत. पापे घेऊन घेऊन गाल झिजावा, तसं झालंय.”

साहेब खो खो हसले. एवढा वापरलेला नकाशा आपण दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिला नाही, असं म्हणाले. मित्रांनो, त्या दिवशी मी भिंतीवर जरा जास्तच ताठ झालो होतो.

पुढे जिल्ह्याच्या कचेरीत वाळवी लागली आणि जुने नकाशे सगळे खलास झाले. नवे छापायला नमुना हवा, म्हणून शाळाशाळांतून शोध सुरू झाला. कचेरीचा शिपाई आमच्याकडे आला, तेव्हा सर गावात नव्हते. त्यांची बायको आजारी होती आणि ते तालुक्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होते. त्या उन्हाळ्यात माझ्यावर ठिपका काढायचा राहूनच गेला होता. मुख्याध्यापकांनी मला गुंडाळलं आणि शिपायाच्या हाती दिलं.

कचेरीत एक तरुण मुलगी माझ्यावर पारदर्शक कागद अंथरून रेघा गिरवू लागली. तिचा हात अगदी साफ होता. त्या पांढऱ्या जागेपाशी ती थबकली, नखाने खरवडून पाहिलं, “इथे फाटलंय वाटतं,” असं पुटपुटली आणि पुढच्या गावाकडे वळली. गावांच्या यादीशी ताडून बघायला हवं होतं, पण छपाईची घाई होती. मी टेबलावर उताणा पडून सगळं बघत होतो. आम्हा नकाशांना बोलता येत नाही, याचं तेवढं दुःख मला कधी झालं नव्हतं. जिल्ह्यात ज्या गावाला सगळ्यात जास्त हात लागले होते, नेमकं तेच गाव गाळलं गेलं. त्याच आठवड्यात तिकडे दवाखान्यात सरांची बायको गेली.

मी शाळेत परत आलो, आणि काही महिन्यांनी नवा नकाशाही आला. तो चकचकीत होता, त्याला शाईचा वास येत होता. सरांनी तो माझ्या शेजारी टांगला. पुढे धावली ती सरांची लेक. एका जागी म्हणून कधी बसत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती तेव्हा त्याच वर्गात होती. तिचं बोट डोंगराखाली सरसर फिरलं, मागे आलं, पुन्हा फिरलं. शाळेत बापाला सर म्हणायचं, हेही ती विसरली.

“बाबा, आपण नाही आहोत.”

सरांनी जवळ जाऊन पाहिलं. “छापखान्याला डुलकी लागली असेल,” ते म्हणाले, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नव्याला बघून माझ्या पोटात दुखायला हवं होतं. खरं सांगतो, मला त्या पोरीकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सर मला काखोटीला मारून कचेरीत गेले. तिथल्या पायऱ्या आमच्याच गावच्या दगडाच्या होत्या. कचेरीचा साहेब भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. रेघा गिरवणारी ती मुलगी आली आणि तिचे डोळे भरून आले.

“सर, मला खरंच वाटलं की कागद फाटलाय.”

“फाटलाच होता बाळ. तू तरी काय करणार?”

साहेब म्हणाला, “आता नवा नकाशा पुढच्या जनगणनेनंतर निघेल. तेव्हा घालू. पण सर, एक अडचण आहे. फार लहान वस्तीला हल्ली ठिपका देत नाहीत. कागदावर जागा पुरत नाही.”

“किती माणसं लागतात साहेब, नकाशात यायला?”

साहेबाने आकडा सांगितला. सर मोकळेपणी हसले. “हात्तिच्या! एवढी तर आमच्याकडे एका लग्नाला जमतात.”

येताना एसटीत त्यांनी मला मांडीवर आडवं धरलं होतं आणि ते गुणगुणत होते. घरी पोचल्यावर भिंगरीला त्यांनी अंगणातूनच हाक मारली, “पुढच्या नकाशात आपण आहोत गं!” ती टाळ्या पिटत नाचली. तेव्हापासून बाप-लेकीने त्या एका ठिपक्याची आस धरली.

पण पुढची वर्षं वाईट आली. बाजारात सिमेंट आलं, गुळगुळीत फरशा आल्या. दगडाच्या पायऱ्या कुणी मागेना. खाण आधी अर्धी बंद पडली, मग पुरती. सकाळी वर्गात छिन्नीचा आवाज येईनासा झाला. एकेक घर कुलूप लावून कामामागे निघालं. कुणी जाताना म्हणायचं, दोन वर्षांत परत येतो. सर त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला जायचे आणि परतल्यावर बराच वेळ माझ्यासमोर उभे राहायचे. वर्गातले बाक रिकामे होत गेले. भिंगरी नर्सिंग शिकली आणि लांब शहरातल्या मोठ्या दवाखान्यात लागली.

मग जनगणना आली. माणसं मोजायचं काम शाळामास्तरांकडेच असतं, हे तुम्हाला माहीत असेल. आमचं गाव भूगोलसरांच्याच वाट्याला आलं. ज्या चौकटीला मी नाक मुरडायचो, तिच्यातले आकडे कसे गोळा होतात, ते मी तेव्हा पाहिलं. सर दारोदार जायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, घरात राहणारी माणसं किती? शाळेसमोरच एका म्हाताऱ्या पाथरवट आजोबांचं घर होतं. त्यांचं बोलणं मला खिडकीतून ऐकू आलं.

“माझी तिन्ही पोरं लिहा की, सर. घरं त्यांचीच आहेत. कुलूप लावलंय म्हणून काय झालं?”

“आजोबा, कुलपाला माणूस म्हणून कसं मोजू?”

“काय मास्तर तुम्ही! जन्मभर पोरांना बेरजा शिकवल्या, आणि स्वतःच्या गावासाठी चार माणसं वाढवता येईनात?”

सर कसंनुसं हसले. त्या दुपारी रिकाम्या वर्गात बसून त्यांनी बेरीज केली. पुन्हा केली. फार नाही, पण माणसं कमीच पडत होती. चार-पाच घरांची कुलपं उघडली असती तर भागलं असतं. सरांचं स्वतःचं घर तेवढं लिहायचं राहिलं होतं.

इतक्यात भिंगरी आली. रजा काढून ती दोन दिवस घरी आली होती.

“बाबा, जेवायला चला ना. किती वेळ तेच तेच मोजताय?”

“कमी पडतात गं.”

ती बाकावर बसली. बाक आता तिला लहान होत होता. “मग माझं नाव घाला. माझ्या मैत्रिणींचीही घाला, त्या नाही म्हणायच्या नाहीत. कोण येतंय बघायला?”

सरांनी पेन उचललं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, लिहा, सर, लिहा! जन्मभर काटेकोरपणाचा तोरा मिरवला मी, पण त्या घडीला मला खरं-खोटं काही नको होतं. मला माझं गाव हवं होतं.

“लिहितो,” सर म्हणाले. “फक्त सगळ्यांना विचारलं, तसं तुलाही विचारतो. तू इथे राहतेस?”

भिंगरी हसली. मग ते चेष्टा करत नाहीत हे तिच्या लक्षात आलं.

“बाबा, तिकडे माझी नोकरी आहे.”

“हो, ते आहेच.”

“मी येतेच की मध्येमध्ये.”

“येतेस गं, मी कुठे नाही म्हणतोय? इथे विचारलंय, राहतेस का. हो म्हणालीस की लिहितो. मग बाकीच्यांचीही लिहितो.”

केवढासा शब्द. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीबाहेर बघत राहिली. तिला हो म्हणायचं होतं, ते तिच्या ओठांवरून मला दिसत होतं. पण बापाच्या डोळ्यांत बघून तिला ते म्हणता येईना.

“नाही, बाबा.”

“बरोबर,” सर म्हणाले. वर्गात कुणी उत्तर दिलं की म्हणायचे, तसंच अगदी. इतक्या वर्षांची सवय होती ती. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि दारोदार विचारलेला प्रश्न स्वतःलाच मोठ्याने विचारला, “घरात राहणारी माणसं किती?”

आणि लिहिलं, एक.

भिंगरी बाकावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. सर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “चल, भात गार होईल.”

त्यानंतरच्या नकाशातही आमचं गाव आलं नाही. पुढे मुलंच उरली नाहीत म्हणून शाळाही बंद झाली. चकचकीत नकाशा दुसऱ्या शाळेने नेला. मला कुणी नेलं नाही. सर सकाळी येतात, वर्गाची खिडकी उघडतात, माझ्यावरची धूळ फडक्याने टिपतात आणि थोडा वेळ बसून जातात. भिंगरी फोन करते, तेव्हा आपण मजेत आहोत असं तिला ठणकावून सांगतात. ते मजेत नाहीत, मित्रांनो. त्यांना करमत नाही. शिकवायची सवय जात नाही, आणि ऐकायला कुणी नाही.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी ‘आम्हाला जपा’ असं सांगतात. मी ते सांगणार नाही. मी कापड आणि कागद, आज ना उद्या विरणारच. मला एवढंच म्हणायचं आहे की तुम्ही आमच्याकडे या. आमचं गाव नकाशात सापडणार नाही, तेव्हा फाट्यावर उतरून विचारत विचारत या. सर घरीच असतात. आणि एवढ्या लांब येणं नाहीच जमलं, तर असं एकटं माणूस तुमच्याही ओळखीत कुठेतरी असेलच. त्याच्याकडे जा. उभ्या उभ्या चौकशी करून निघू नका. रात्रभर तरी राहा.