चौदाव्या धड्यापासून

चित्रणातले रंग जुळवणं हा धाकट्याचा धंदा. सकाळी घेतलेलं दृश्य आणि संध्याकाळी घेतलेलं दृश्य एकापाठोपाठ लावलं, तरी ते एकाच वेळचं वाटावं, यात त्याचा हातखंडा होता. केलेलं कुणाच्या लक्षात आलं तर काम फसलं, असा हा विचित्र उद्योग.

थोरला भाऊ बाइंडर. पुस्तक कसं शिवायचं, पुठ्ठा कसा चढवायचा, याचे धडे तो दर आठवड्याला मोबाइलवर चित्रित करी आणि दूर राहणाऱ्या धाकट्याकडे पाठवी. सोबत एकच ओळ, "जरा माणसात आण रे मला." पहिल्या धड्याचा रंग प्रमाण मानून धाकटा बाकीचे त्याला जुळवून घेई.

चौदाव्या धड्यात दादा पिवळट दिसला. धाकट्याने फोन लावला.

"दादा, तो स्वस्तातला बल्ब बदल की! चिकटपणाला काही सीमा?"

दादा हसला, आणि त्याने बल्ब बदललाही. पंधराव्यातही पिवळेपणा होताच. टेबलावरचे कागद मात्र पांढरेशुभ्र. दोष उजेडाचा असता तर कागदही पिवळे दिसले असते. या धंद्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. धाकट्याच्या डोक्यावर कामाचा डोंगर होता. त्याने बाकीचं चित्र तसंच ठेवून फक्त कातडीचा रंग निवडला आणि पहिल्या धड्याशी जुळवला. सतराव्यापासून डोळ्यांचा पांढरा भागही वेगळा धरावा लागला. ही नसती कटकट म्हणून तो वैतागला, इतकंच. इंटरनेटवर टाकलेल्या धड्यांखाली शिकणारे लिहीत, "सर, तब्येत छान दिसतेय."

चोविसावा धडा शेवटचा. पोटात गाठ निघाली, कावीळ तिच्यामुळेच होती. "दोन महिने आधी आणलं असतं तर…" डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांत दादा गेला.

महिन्याभराने वहिनी धाकट्याकडे आली. लेकीसाठी तिला सगळे धडे सलग जोडून हवे होते. त्यासाठी धाकट्याने आदल्या दिवशी मूळ चित्रण उघडलं होतं. पडद्यावर दादाचे चोवीस चेहरे ओळीने लागले. दर आठवड्याला एकेक पाहताना जे कळलं नाही, ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं.

जुळवलेले धडे बघता बघता वहिनीने पदर डोळ्यांना लावला. "शेवटपर्यंत किती टवटवीत दिसतात रे हे! मग आपल्याला तरी कसं कळणार होतं?"

महिनाभर ती याच एका वाक्याच्या आधाराने उभी होती. धाकटा गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्याच्याने बसवेना.

"वहिनी, हे रंग मी केलेत," तो म्हणाला, आणि त्याने आपली दुरुस्ती काढून टाकली.

पडद्यावर पिवळा दादा पुठ्ठ्याला खळ लावत होता. वहिनी पडद्याजवळ सरकली.

"कधीपासून?"

"चौदाव्यापासून. दहा आठवडे."

वहिनीने मनात हिशोब केला. रडली नाही, चिडलीही नाही.

"मी रोज समोर बसून जेवत होते रे," ती म्हणाली, "मला नाही दिसलं. तुला दिसलं होतं."