पडद्याची नीळ

“कॅमेरा तुमच्या हातून बिघडला, दुसरं काय?” वेधशाळेच्या मोठ्या मॅडम जावईबापूंना म्हणाल्या, आणि मी चहाचा ट्रे टेबलावर जरा आपटूनच ठेवला. जावई माझे आहेत. त्यांना बोलायचं तर मी बोलेन. गेली सहा वर्षं बोलतेच आहे. बाहेरच्यांनी कशाला तोंड घालायचं?

आमची वेधशाळा टेकडीवर आहे. खाली स्वयंपाकघर आणि धुलाई, तिथे माझं राज्य. वर घुमट, घुमटात दुर्बीण आणि दुर्बिणीच्या बुडाशी कॅमेरा. तो सांभाळणं हे जावईबापूंचं काम. लग्न ठरताना मी विचारलं होतं, मुलगा करतो काय? तर म्हणे, फोटो काढतो. म्हटलं, लग्नाकार्यांत बरं मिळत असेल.

एकदा त्यांनी मला समजावलं होतं. “आई, आत पोस्टाच्या तिकिटाएवढी चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लाखो वाट्या मांडल्यात असं समजा. ताऱ्याचा उजेड थेंबाथेंबानं त्यांत पडतो. मग कुठल्या वाटीत किती साचलं ते मोजायचं.”

“आणि वाट्या घासतं कोण?”

माझी धाकटी, म्हणजे त्यांची बायको, फिस्सकन हसली. जावईबापू हसले नाहीत. “प्रश्न बरोबर आहे,” म्हणाले. तेव्हापासून त्यांच्याविषयी माझं मत जरा बरं झालं. फार नाही.

वाट्या घासत नाहीत, पण घुमटाच्या भिंतीवर एक पांढरा पडदा असतो. रोज संध्याकाळी त्यावर दिवा टाकून त्याचाच फोटो काढतात. नुसत्या कोऱ्या कापडाचा! कुठे धूळ बसलीय, कुठली वाटी कमी भरते, कुठली जास्त, ते त्यात दिसतं, आणि ताऱ्यांच्या फोटोंतून तेवढी चूक काढून टाकतात. मी तीस वर्षं पांढरं कापड धुतेय, माझ्या कापडाचा फोटो काढायला कोणी आलं नव्हतं.

तर मॅडमनी एक तारा धरला होता. तो एकाएकी मंदावला, असं त्यांनी चार ठिकाणी कळवलं. दुसऱ्या वेधशाळेनं बघून उलट कळवलं, तारा ठणठणीत आहे, तुमचा कॅमेरा दाखवून घ्या. मॅडमचं तोंड एवढंसं झालं आणि सगळा राग निघाला तो जावईबापूंवर.

“सेन्सर काढून कारखान्यात पाठवा,” मॅडम म्हणाल्या. “सहा महिने दुर्बीण बंद. आणि तुम्ही विमानखात्यात जा. ते वरून जंगलांचे फोटो काढतात. तिथे चार झाडं कमी दिसली तर चालतं.”

जावईबापू खाली मान घालून उभे. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. जेवताना फोनमध्ये डोकं घालणारा माणूस जाईना का विमानात. मग उजेड पडला की विमानखातं दोन दिवसांच्या वाटेवर आहे. धाकटीही बरोबर जाणार. तिला सातवा महिना. नातवंडाचं तोंड काय मी विमानातून बघणार?

दुपारी जेवायला बसलो. धाकटी शेजारी, जावईबापू ताटातलं नुसतं चिवडतायत.

“आई, सेन्सर चांगला आहे हो. तीनदा तपासला. पोटच्या पोरासारखा जपतो मी त्याला, गोठवून ठेवतो.”

“पोटच्या पोराला गोठवू नका म्हणजे झालं.”

“आई!” धाकटी ओरडली.

“बाकीच्या रंगांच्या काचा लावून फोटो नीट येतात,” ते आपल्याच नादात, “फक्त निळ्या काचेतून गडबड. तीही एकाच अंगाला. आणि सुरू कधी झालं? बरोबर तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी.”

माझा वाढायचा हात तसाच राहिला.

मंगळवार माझा चादरींचा. त्या मंगळवारी मी घुमटात केर काढायला गेले, तर पडदा पिवळट पडलेला. शेजारी पाटी: पडद्याला हात लावू नये. पाटी मी वाचली. अक्षराला अक्षर लावून पूर्ण वाचली. पण पाट्या दुसऱ्यांसाठी असतात. पडदा उतरवला, चादरींबरोबर धुतला, आणि माझ्या हातून पांढरं कापड निळीशिवाय आजवर निघालेलं नाही. वाळत घातला तेव्हा पाणी खाली उतरलं आणि खालच्या काठाला नीळ जरा जास्त बसली. म्हटलं, कोणाला दिसतंय! दिसलं ते त्या लाखो वाट्यांना, आणि ती नीळ कॅमेऱ्याची चूक समजून ताऱ्याच्या उजेडातून वजा होत गेली.

“काय झालं आई?” जावईबापूंनी विचारलं.

“काही नाही. जेवा.”

जेवणं झाल्यावर बादलीत पाणी घेतलं, त्यात व्हिनेगर ओतलं. त्यानं नीळ निघते. तासाभरात पडदा होता तसा झाला असता, कॅमेरा आपोआप सुधारला असता आणि कोणाला पत्ता लागला नसता. पण तीन आठवडे कॅमेरा बिघडवला कोणी, याचं उत्तर मॅडमकडे तयारच होतं. जावईबापूंची पाठवणी काही टळत नव्हती.

मग सांगायचं? त्यांच्यासमोर उभं राहून ‘चुकले’ म्हणायचं? सहा वर्षांत मी त्या माणसाला एकदाही ‘तुमचं बरोबर’ म्हटलेलं नाही. जीभच वळेना.

घुमटाच्या दाराशी एक वही असते. रात्रीचे ताऱ्यांचे आकडे त्यात, आणि कोणी कशालाही हात लावला की तेही त्यातच लिहायचं. शाळा माझी दुसरीपर्यंत; तिसरीत बाईंशी भांडून घरी आले ती आलेच. बादली खाली ठेवली आणि पेन उचललं. ते बादलीहून जड निघालं. लिहिलं: मंगळवार. पडदा धुतला. नीळ घातली. जावयाची चूक नाही. खाली सही.

वही नेऊन मॅडमपुढे ठेवली. जावईबापू तिथेच सेन्सर पेटीत भरत होते. मॅडमनी वाचलं. परत वाचलं.

“नीळ?”

“हो. चांगल्यातली.”

“तीन आठवडे आम्ही सगळे...”

“रागवायचं तर मला रागवा. एरवी मी उलट बोलले असते. आज ऐकून घेते.”

मॅडम रागावल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. तारा मंदावला नव्हता, याचंच त्यांना वाईट वाटत असावं.

“म्हणजे तारा ठणठणीत, सेन्सर ठणठणीत,” जावईबापू पेटी उघडत हळूच म्हणाले, “आणि आईही ठणठणीत.”

“तुम्ही मध्ये बोलू नका,” मी म्हटलं. पण मग कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं, “सेन्सर चांगला आहे म्हणत होतात ते बरोबर होतं.”

त्यांच्या हातातला पेचकस खाली पडला.

व्हिनेगरच्या पाण्यात पडद्याची नीळ काढली, आणि विमानखातं रद्द झालं. मला शिक्षा अशी, की पडदा यापुढे मीच धुवायचा, साध्या पाण्यात, आणि दर वेळी वहीत लिहायचं.

काल पहिल्यांदा धुतला. दोरीवर माझ्या चादरी लखलखत होत्या आणि त्यांच्या मध्ये तो एकटा पिवळट. निळीची पुडी खिशातच होती; दोनदा हात आत गेला, दोनदा रिकामा बाहेर काढला. मग वर गेले, वहीत ताऱ्यांच्या आकड्यांखाली रेघ मारली, आणि लिहिलं: पडदा धुतला. नीळ नाही.