शिशाचे मणी आणि खोटा मासा

पडदे शिवणाऱ्या एका बाईला तिचा थोरला भाऊ लहानपणापासून ‘चौकशी’ म्हणत आला होता. स्टेशनावरच्या चौकशीच्या खिडकीत लोक दिवसभरात विचारत नसतील इतके प्रश्न ही एकटी विचारायची. दादा बसच्या डेपोत मेकॅनिक. इंजिनाखाली आडवा पडलेला असला तरी तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा, कधी खरी, कधी थापा.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तो चालायला लागला, बोलायला लागला, पण उजवा हात काही पूर्वीसारखा झाला नाही. बहिणीने त्याला आपल्या घरी आणलं आणि शिवणाच्या खोलीमागची खोली दिली. त्याची मासे धरायची लांब काठी पडद्यांच्या गुंडाळ्यांत उभी राहिली. सुट्टीचा एकही दिवस किनाऱ्यावर गेल्याशिवाय न काढणारा माणूस, पण आता काठीकडे बघायचासुद्धा नाही.

आणि एका संध्याकाळी, रद्दी द्यावी तशा सुरात, तो खालच्या मजल्यावरच्या वायरमनला म्हणाला, की रविवारी सकाळी येऊन ती काठी घेऊन जा.

काठी गेली की दादा घराबाहेर पडायचा उरलासुरला बहाणाही जाणार, हे बाईला स्वच्छ दिसत होतं. का देतोस, असं तिने विचारलं, तर हातात जीव नाही, एवढंच म्हणाला. पण डाव्या हाताने शर्टाची बटणं भराभर लावणारा माणूस एवढ्यावर हार मानेल हे तिला पटेना. तिने आडून विचारलं, उभं विचारलं, जेवताना विचारलं. त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

मग बाई सरळ मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेली. आधी स्वतःच मासे धरायला निघून दादाला उचकवावं एवढाच तिचा डाव होता, पण दुकानात पाऊल टाकलं आणि ती स्वतःच हरखली. खोटे मासे म्हणजे चकचकीत धातूचे लांबट तुकडे, शेपटाला गळ अडकवायची कडी. हे कशाला चमकतं, ते कशाला वाकडं? शेवटी दुकानदाराने हात टेकले.

गळांना नंबर असतात आणि नंबर मोठा तसा गळ बारीक, असं तो म्हणाला तेव्हा बाई खूश झाली. हातशिलाईच्या सुयांचंही तसंच. म्हणजे आपल्याला सगळं येतंच की! तिने चार नंबर मागितला. तर चारच्या डब्या दोन निघाल्या, एकीवर चारपुढे तिरकी रेघ आणि शून्य. शून्य लागलं म्हणजे आणखी नाजूक, असं तिने मनाशीच ठरवलं आणि ती डबी उचलली. आयुष्यात न विचारलेला तो एकच प्रश्न असेल.

वजनाचंही तसंच. खोटा मासा किती ग्रॅमचा हवा ते काठीवर लिहिलेलं असतं, ते बघून या, असं दुकानदार सांगत होता. पण पातळ पडद्याच्या काठात हलकं शिसं घालतात, तसं नवशिक्या हाताला हलका मासा बरा, हे तिचं गणित. तिने सगळ्यात हलका घेतला.

रविवारी उजाडल्यावर तिने काठी उचलली आणि दादाला सांगितलं, “ही जायच्या आधी एकदा पाण्यात टाकून बघते. तू बाकावर नुसता बस. नाहीतर मी तिथे दिसेल त्याला विचारत सुटेन.”

दादा निमूट चपला घालायला लागला. बहिणीला ओळखून होता.

किनाऱ्यावर तिने काठी फिरवली. खोटा मासा जेमतेम पहिल्या लाटेत पडला आणि पुढच्या लाटेने तो तिच्या पायाशी आणून टाकला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. बाईला राग येण्याऐवजी मजाच वाटायला लागली. पिशवीत पडद्याच्या काठात घालायचे शिशाचे मणी होते. तिने थोडे दोरीत ओवले आणि मासा आणखी लांब गेला. मग हावरटासारखे मूठभर ओवले. काठी कमानीसारखी वाकली, मासा धपकन खाली गेला आणि वाळूत रुतून बसला.

“निम्मे काढ,” बाकावरून आवाज आला. “काठी मोडशील. तळाला टेकला पाहिजे, पण रुतता कामा नये.”

“टेकला हे कळणार कसं?”

दादा उठून जवळ आला. मग समुद्राकडेच बघत म्हणाला, “हातात जीव नाही, हे पुरतं खरं नव्हे. दोरीवर बोट ठेवलं की मला खालचं सगळं कळायचं. वाळू, दगड, मासा. आता त्या बोटाला काहीच कळत नाही. नुसता उभा राहिलो तर आंधळ्यासारखं वाटतं गं.”

बाईला गलबलून आलं. पण तिच्या तोंडून आला तो प्रश्नच. “आणि डाव्या बोटाला?”

“डाव्याने कधी केलं नाही.”

“केलं नाही म्हणजे कळत नाही, असं कुणी सांगितलं?”

असले प्रश्न तूच विचारू जाणे, असं तो पुटपुटला. तिने निम्मे मणी काढून दोरी फेकली, काठी घट्ट धरली आणि काठीला लावलेलं दोरीचं रीळ हळूहळू फिरवू लागली. त्याने डाव्या हाताचं बोट दोरीवर टेकवलं. मग तो एकदम म्हणाला, “वाळू. ही वाळू आहे. आता लाट ओढतेय. थांब, फिरवू नकोस. हा मासा.”

तिच्या हाताला एक झटका बसला आणि दोरी सैल पडली. ओढून आणली तर गळ रिकामा. दादाने तो उचलून डोळ्यांसमोर धरला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच खदखदून हसला. शून्य लागलं की गणित उलटं फिरतं, गळ मोठा होत जातो, हे त्याने तिला समजावलं. “इथल्या माशाच्या तोंडात हा मावायचा कसा? यात तूच अडकशील.”

त्यांनी तरीही तोच पुन्हा फेकला. दुसरा होता कुठे?

घराला कुलूप बघून वायरमन शोधत किनाऱ्यावर आला. काठी न्यायला आलोय, असं म्हणून त्याने हात पुढे केला. बाईने दादाकडे पाहिलं.

दादाने मान वळवली नाही. “थांब जरा,” तो म्हणाला. “माझं बोट आहे दोरीवर.”

वायरमन बाकावर बसून राहिला. बराच वेळ वाट बघून तो रिकाम्या हातानेच निघून गेला, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.