बाबांनी बाइंड केलेलं मृत्युपत्र

बाबा गेले त्या आठवड्यात मला एकही कागद शोधावा लागला नाही. कपाटाच्या वरच्या खणात निळी फाइल होती आणि तिच्या पहिल्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आधी कुणाला फोन करायचा, मग कुणाला. घराचे कागद, बँकेची पुस्तकं, विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे, मागच्या दाराची किल्ली कशी फिरवायची, सगळं. "मी गेल्यावर तुम्हाला रडायला वेळ मिळाला पाहिजे, कागद शोधायला नाही," असं ते म्हणायचे आणि मी त्यांना गप्प करायचे. मी गाडी चालवायला शिकवते. पाय कायम ब्रेकवर आणि राग कायम नाकावर. पण त्या आठवड्यात ती फाइल मांडीवर घेऊन मी पोटभर रडले, आणि त्याबद्दल मी बाबांची जन्मभर ऋणी राहीन.

घोडं अडलं ते मृत्युपत्रापाशी.

बाबा चाळीस वर्षं बाइंडर होते. खाली कारखाना, वर घर. कागदात स्टेपलरची पिन दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "गंज चढतो, कागद खातो," म्हणायचे. तर या गृहस्थांनी काय करावं? दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं, वकिलानं पिना मारून दिलेलं मृत्युपत्र घरी आणलं, पिना उपसल्या, पाचही पानं दोऱ्यानं शिवून घेतली, हिरव्या कापडाचे पुठ्ठे चढवले आणि वर सोनेरी अक्षरांत 'मृत्युपत्र' असं छापलं. इतकं देखणं मृत्युपत्र त्या कोर्टानं कधी पाहिलं नसेल.

कोर्टात मृत्युपत्र मंजूर करून घेतात त्या प्रोबेटच्या खिडकीवरच्या कारकूनबाईंनी ते उजेडासमोर धरलं.

"ही पानं सुटी केलेली आहेत," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात पिनांची भोकं आहेत, पिना नाहीत. सह्या फक्त शेवटच्या पानावर. मधलं एखादं पान बदललं नसेल कशावरून?"

"अहो, माझे बाबा बाइंडर होते."

"मग तर बदलणं आणखीच सोपं."

कपाळ!

आणि सगळं होतं ते नेमकं मधल्याच पानावर. बाबांची बहीण, म्हणजे माझी आत्या, कारखान्यावरच्या खोलीत राहते. ती असेपर्यंत तिला तिथून कुणी हलवायचं नाही, आणि तिच्यानंतर सगळं घर दवाखान्यातल्या रुग्णांच्या वाचनालयाला द्यायचं, असं त्या पानावर होतं. आई सात महिने त्या दवाखान्यात होती. वाचनालयाची बाई रोज पुस्तकांचा गाडा ढकलत खाटेशी यायची, आणि आई गेली त्या दिवशीही बाबांच्या हातात तिथलंच पुस्तक होतं. ते उपकार बाबा विसरले नव्हते. पण मृत्युपत्र नामंजूर झालं तर घर आम्हा दोघा भावंडांचं होणार होतं. वाचनालयाला काही नाही आणि आत्यालाही नाही.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती खाटेवर बसलीच.

"मीच शिवलं गं ते," ती म्हणाली. "तुझा बाप म्हणाला शिव, मी शिवलं. आत काय लिहिलंय ते बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याचा कागद वाचू नये."

दुसऱ्या दिवशी पाहते तर तिची बॅग दाराशी भरून तयार. "उद्या कुणी निघ म्हणालं तर धावपळ नको," म्हणे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई! मी बॅग रिकामी केली, तिनं पुन्हा भरली.

दोन साक्षीदारांपैकी डॉक्टर वारलेले. उरलेला औषधवाला म्हणाला, "सही माझीच, पण आत काय होतं ते मला कसं माहीत?" शेवटी कारकूनबाईच म्हणाल्या, "तुमच्या भावाला आणा. त्याची हरकत नसली तर साहेब विचार करतील."

इथेच खरी अडचण होती. भावाला, छोट्याला, अकरा वर्षांपूर्वी मीच गाडी शिकवायला घेतलं होतं. भर चौकात त्याच्यावर अशी काही ओरडले की तो दार उघडून उतरला आणि पायी घरी गेला. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. तो दुसऱ्या शहरात लिफ्टची कामं करतो, भाड्याच्या दोन खोल्यांत चौघं राहतात. बाबा गेल्यावर फोनवर एवढंच म्हणाला होता, "घराचं बघू." मी त्याचा अर्थ 'विकू' असा लावला. अर्धं घर आयतं पदरात पडत असताना कोण सही करेल? रात्रभर मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते आणि सगळी भांडणं जिंकत होते.

सकाळी तो कोर्टाच्या जिन्यात भेटला. मी तोंड उघडायच्या आत तो खिडकीशी गेला.

"पिना माझ्यासमोर काढल्यात," तो कारकूनबाईंना म्हणाला. "मी होतो तिथं. बाबांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून शिवायच्या आधी पानं मीच वाचून दाखवली. तिसरं पान दोनदा वाचलं."

"दोनदा का?"

"पहिल्यांदा पटलं नाही म्हणून. भांडलो मी त्यांच्याशी. म्हटलं, आमचं काय? ते म्हणाले, तुझे हातपाय धड आहेत, तिचे गुडघे गेलेत." त्यानं मान खाली घातली. "खरंच होतं ते. हे तेच पान आहे. शपथेवर लिहून देतो."

कारकूनबाईंनी मृत्युपत्र खाली ठेवलं. "मृत्युपत्र टिकलं तर तुमचंच नुकसान आहे, हे कळतंय ना?"

"कळतंय की."

मी मागे खांबाशी उभी होते. मला माझीच लाज वाटत होती.

महिन्याभरानं मृत्युपत्र मंजूर झालं. आदेशाची प्रत घेऊन आम्ही दोघं घरी गेलो. छोट्यानं तो आत्याला मोठ्यानं वाचून दाखवला. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग त्यानं बॅगेतले कपडे एकेक काढून तिच्या कपाटात लावले. घड्या अगदीच वेड्यावाकड्या होत्या, पण मी एक शब्द बोलले नाही.

निघताना मी त्याला कारखान्यात थांबवलं.

"छोट्या, तुझे फार उपकार झाले रे. मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला होता."

"माहितीये," तो म्हणाला. "तुझ्या तोंडावर दिसत होतं."

"मीही मृत्युपत्र करतेय. माझ्या घरी मी एकटीच, मागं सगळं निस्तरणारं कुणीतरी हवं. व्यवस्था बघणारा म्हणून तुझं नाव घालू?"

त्यानं कटिंग मशिनच्या चाकावर हात ठेवला.

"आणि मी आधी गेलो तर?"

"धाकट्यांनी आधी जायचं नसतं."

"असा काही कायदा नाहीये, ताई."

"माझा आहे," मी म्हटलं, आणि ओरडायचं ठरवलं होतं तरी मला ते ओरडून म्हणता आलं नाही.