इल्मा मावशीचा गुन्हा

खोटं लिहू नकोस, असं इल्मा मावशीला मीच सांगितलं. नऊ वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले होते आणि त्याचा मला गर्वही होता.

मावशी बासष्ट वर्षांची. तिची लेक मेलबर्नच्या तुरुंगात, आणि लेकीची पाच वर्षांची पोर, कीशा, मावशीजवळ. नातीला सांभाळायला मिळावं म्हणून मावशीनं भरायचा फॉर्म शुक्रवारपर्यंत मंजूर झाला तर कीशा तिच्याकडे राहणार, नाही तर परक्यांकडे जाणार.

आमची संस्था आमच्याच काळ्या माणसांची, इथल्या मूळ रहिवाशांची. मरे नदीकाठचं चर्चचं अनाथगृह, आईबाप जिवंत असलेल्या पोरांचं अनाथगृह, बंद झालं आणि इमारत आमच्या हाती आली, कपाटं आणि फायलींसकट. आता आपली पोरं आपण सांभाळणार, म्हणून लोक नाचले. सांभाळतोय कसले! कायदा गोऱ्यांचा, शिक्का त्यांचा. आम्ही फॉर्म भरायला.

‘आपल्यावर कधी गुन्हा शाबीत झाला आहे का?’ या ओळीवर मावशीचं पेन अडलं. ती याच इमारतीत वाढली होती.

“सिस्टर म्हणायची, मला कोर्टानं पाठवलंय. अठरा वर्षांची होईपर्यंत शिक्षा,” ती खाली बघत म्हणाली. “काय केलं होतं ते आठवत नाही गं, नोलीन. पण केलंच असणार काहीतरी.”

तिनं हे नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बिचारा वारला तरी त्याला ठाऊक नव्हतं.

“लिही,” मी म्हटलं. “लपवलेलं सापडलं की ते तेवढंच धरून बसतात.”

आदल्या वर्षी एकानं जुनी मारामारी लपवली आणि त्यापायी त्याचे दोन भाचे परक्यांकडे गेले होते. दुधानं तोंड पोळलं म्हणून मी ताकही फुंकून पीत होते. मावशीनं ‘हो’ लिहिलं आणि मोठ्ठी सही केली.

बुधवारी सरकारच्या बालकल्याण खात्यातून तिथल्या ग्रेगरसनचा फोन आला. गुन्हा शाबीत, अर्ज नामंजूर. मी तिरीमिरीत उठले आणि सिस्टर लोकांचं कपाट उघडलं. मावशीची फाइल तिसऱ्या खणातच होती. मावशीचा बाप मेंढ्यांची लोकर कातरायला लांब गेला होता, आई बाळंतपणाला इस्पितळात होती, आणि पोर शेजारणीकडे होती. आरोप: निराधार बालक असणे. आरोपीचे वय: दोन वर्षे. निकाल: दोषी.

ती फाइल घेऊन मी ग्रेगरसनसमोर जाऊन बसले. माणूस वाईट नाही. त्यानं सगळं वाचलं, हळहळला, चहा मागवला.

“गुन्हा कसला, हे फॉर्म विचारत नाही,” तो म्हणाला. “झाला की नाही, एवढंच विचारतो. आणि त्यांनी ‘हो’ लिहिलंय.”

अपील करता येतं, आठ महिने लागतात, असं त्यानं सांगितलं. निघताना म्हणाला की इतक्या जुन्या नोंदी त्यांच्या कॉम्प्युटरवर नसतातच. तिनं ‘नाही’ लिहिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. हे मला का सांगितलं, देव जाणे. लांबच्या बॅलरॅट गावचं एक जोडपं कीशाला घ्यायला तयार होतं. तिला मीच पोहोचवावं, असं त्याचं म्हणणं पडलं. ओळखीच्या माणसाबरोबर पोरं कमी रडतात.

गुरुवारी मी मावशीला तो कागद वाचून दाखवला. साठ वर्षांचं ओझं तरी उतरेल, असं मला वाटलं होतं. तिनं तो दोनदा वाचायला लावला.

“चड्डीत मुतायची मी तेव्हा,” ती म्हणाली. मग विचारलं, “कीशाच्या कागदावर काय लिहिलंय?”

तो मीच टाइप केला होता. शब्द आता मऊ झालेत. संरक्षणाची गरज असलेले बालक, वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत.

“तिला गाडीत सांग, तुझं काही चुकलं नाही म्हणून. पुन्हा पुन्हा सांग. मला कुणी सांगितलं नव्हतं.”

फॉर्मचं नावसुद्धा तिनं काढलं नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शुक्रवारी ती दारापर्यंतही आली नाही. आतूनच कीशाची पिशवी पुढे सरकवली.

गाव मागे पडल्यावर मी कीशाला सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. वाटेतलं बेंडिगो यायच्या आत आणखी दोनदा सांगितलं.

“मग आजीनं काय केलं?” तिनं विचारलं.

“आजीनंही काही केलं नाही, बाळा.”

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग माझ्याकडे वळली.

“म्हणजे तू केलंस.”